ध्वनिलहरींनी केमो जास्त लागू पडते म्हणे, कुणाला माहिती आहे का?

खानापूरची_लेक
बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, ऑपरेशन होण्यासारखं नाही म्हणालेत. बेळगावात जेमसिटाबिनची केमो चालू आहे, तीन सलाइन झाल्या. भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की सोनोग्राफीच्या लहरी सोडल्या की औषध गाठीत शिरतं. एका ठिकाणी विचारलं, तर बारा बैठका, पैसे आधी, आणि केमो थांबवली तरी चालेल म्हणे! बेंगळुरूला जाऊ की मुंबईला?

तिसरं_गेट
ताई, केमो थांबवा म्हणणाऱ्याच्या दारात परत जाऊ नका.
मी सोनोग्राफी सेंटरला कामाला आहे. कल्पना खरी आहे. स्वादुपिंडाची गाठ कडक, आतल्या रक्तवाहिन्या दबलेल्या, त्यामुळं औषध रक्तात फिरतं पण गाठीत फारसं पोचत नाही. म्हणून शिरेतून वायूचे बुडबुडे सोडतात, तांबड्या पेशीएवढे किंवा त्याहून बारीक. लहरी लागल्या की ते फुगतात-आकसतात, वाहिनीच्या भिंतीला थोडा वेळ फटी पडतात, तेवढ्यात औषध आत. बुडबुडे नाहीत, अंगात औषध नाही, तर नुसतं जेल लावून प्रोब फिरवण्यात काय आहे? तो मी रोज तीस पोटांवर फिरवतोय की!
नॉर्वेत बर्गेनला जेमसिटाबिनबरोबरच हे करून बघितलं, निकाल २०१६ साली आला. निम्मे रुग्ण १७.६ महिन्यांहून जास्त जगले, आधीच्या रुग्णांत तोच आकडा ८.९ महिने. पण रुग्ण फक्त दहा, आणि तुलना जुन्या नोंदींशी. त्यावर घर गहाण टाकू नका.

निपाणीकर
वरच्या दादांशी सहमत. खरी चाचणी असली तर सीटीआरआयच्या (देशातल्या उपचार-चाचण्यांची सरकारी नोंदवही) साइटवर नोंद असते, आणि संमतीपत्र आपल्याला कळेल त्या भाषेत द्यावं लागतं. आगाऊ पैसे मागितले की समजा.
दुसरं मत हवंच तर परळला टाटा. नुसते रिपोर्ट नेऊ नका, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) लॅबमधून मागून घ्या. आम्ही विसरलो, त्यापायी परत रात्रीची बस! आणि २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले योजना (मोफत उपचारांची) जाहीर केलीय, तुमचं गाव यादीत आहे का बघा. रेशनकार्ड कन्नडात असतं, त्याचं भाषांतर जवळ ठेवा.

खानापूरची_लेक
भावाला वाचून दाखवलं, गप्प बसलाय. गुरुवारी चौथी सलाइन आहे, ती घेतोच. ब्लॉक मागायला लॅबमध्ये बाबांची सही लागते का?

निपाणीकर
आमच्याकडं पावती आणि आधार बघून दिलं. तरी साध्या कागदावर सही घेऊन जा, हेलपाटा वाचेल.