लॉकरवरचा शब्द मराठीत काय लिहू?

अर्धवट अनुवादक: किशोरांसाठीची एक इंग्रजी खूनकथा मराठीत आणतेय. अमेरिकेतलं हायस्कूल. एका काळ्या मुलाचा खून होतो, आणि आदल्याच आठवड्यात त्याच्या लॉकरवर कुणीतरी मार्करने शिवी लिहिलेली असते. छडा लावणारी त्याची मैत्रीण सोळा वर्षांची. ती मुख्याध्यापकांना तोंडावर सांगते, ‘तुमची शाळाच वर्णद्वेष्टी आहे.’ हे माझं मराठी. भाची म्हणाली, ‘मावशी, ही पोरगी अग्रलेख लिहिते काय गो?’ तर तो शब्द अडलाय, आणि लॉकरवरचाही.

फोंड्याचे मास्तर: ‘वर्ण’ म्हटलं की आपल्याला आधी चातुर्वर्ण्य आठवतं. ‘वर्णभेद’ रुळला तो दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांमुळे, तिथे तर कायदाच तसा होता. तुम्हांला ‘वंशद्वेष’ हवा.

उसळपाव: मास्तर, सोळा वर्षांची पोर ‘रेसिस्ट’च म्हणणार. माझा मुलगा रोज म्हणतो, पुष्कळदा उगाचच.

फोंड्याचे मास्तर: मग सगळंच इंग्रजीत ठेवा, अनुवादाचे कष्ट कशाला?

उसळपाव: तुम्हांला ‘हायस्कूल’ खुपलं नाही ते! आमची आजी ‘इस्कोल’ म्हणायची, तिला कुणी भाषाशुद्धी शिकवली नाही. लॉकरवर ‘खाप्री’ लिहा, आफ्रिकी माणसांना घालतात ती आपली शिवी. गोव्यात सगळ्यांना कळेल.

पेडण्याची सून: कळेल म्हणूनच नको. 2013 साली पर्रा इथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला. त्या आठवड्यात आमच्या नाक्यावर हा शब्द कसा उच्चारत होते ते ऐकलंय मी. शिवाय अमेरिकेतल्या गोऱ्या पोराच्या तोंडी खाप्री?

उसळपाव: बरं, ‘काळ्या’?

पेडण्याची सून: आमच्या मामांना घरी काळूच म्हणत, ते हसत ओ देत. विठोबा काळा. त्या शब्दात तेवढं विष नाही.

फोंड्याचे मास्तर: ‘खाप्री’ हा ‘खापर’वरून आला असावा. चुलीवर काळं पडलेलं खापर, तसा माणूस.

उसळपाव: अहो, अरबी ‘काफिर’, त्याचं पोर्तुगीज ‘काफ्र’, त्याचं आपलं खाप्री. चिकन काफ्रियाल त्यातलंच, मोझांबिककडून आलेलं.

फोंड्याचे मास्तर: मग पर्वरीचा खाप्रेश्वर? त्याला लोक हात जोडतात. शिवीचा देव होतो?

अर्धवट अनुवादक: लॉकरचं काय ठरलं?

पेडण्याची सून: आपल्या शाळांत लॉकर कुठे होते? बाक आणि कर्कटक. माझे वडील बदली होऊन कोल्हापूरहून आले. आठवीत पहिल्याच आठवड्यात माझ्या बाकावर ‘घाटी’ कोरलेलं. ‘टी’ची वेलांटी खोल गेली होती, वहीचं पान त्यावर फाटायचं. वर्षभर मी तिथे पट्टी ठेवून लिहीत असे. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘घाटावरून आलीस ना, मग?’

उसळपाव: पण ‘घाटी’ म्हणजे रेसिझम नव्हे हां. आम्ही सरसकट सगळ्यांनाच म्हणतो.

पेडण्याची सून: मला कधी विचारलंत?

फोंड्याचे मास्तर: मूळ शब्दाला दोष नाही. घाट तो घाट.

अर्धवट अनुवादक: अहो, लॉकर!

उसळपाव: मास्तर, खापरपणजोबातलं ‘खापर’ही चुलीवरचंच का?