मदत हवी आहे: सीजे-३बी जीपचा जुना तेलाचा एअर क्लीनर परत बसवायचा आहे

नमस्कार मंडळी,

वडिलांची १९६७ची पेट्रोल जीप आहे. महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटची, २.२ लिटरच्या हरिकेन इंजिनाची. गाडी दहिवडीजवळ शेतावर असते. उन्हाळ्यातला माणचा फुफाटा ज्यांनी पाहिलाय त्यांना माझी काळजी लगेच कळेल.

तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजात मिस्त्रींनी मूळचा तेलाचा एअर क्लीनर (तळाच्या भांड्यातल्या तेलात हवेतली धूळ अडकवणारा) काढून कार्बोरेटरवर थेट कोरडा, कोनासारखा फिल्टर चढवला. "पिकअप वाढेल" म्हणाले. तसं काही झालं नाही. गेल्या महिन्यात तो उतरवून कार्बोरेटरच्या तोंडात बोट फिरवलं, तर पिठासारखी तांबूस धूळ आली. चिमटीत चोळली की कचकचत होती. ही आत पिस्टनपर्यंत जाते आहे!

शिवाय इंजिनात ऑइल ओतायच्या नळीपासून जुन्या क्लीनरला एक बारका पाइप जायचा. तो काढून टाकलाय आणि नळीच्या त्या तोंडात नुसती चिंधी कोंबलीय.

मूळ क्लीनर दादांनी (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) गोठ्याच्या माळ्यावर पोत्यात बांधून ठेवला होता. तो बसवला, भांड्यात अंदाजाने लिटरभर ऑइल ओतलं. फलटणहून परतताना मोगराळे घाटात निळा धूर निघाला, इंजिन अडखळायला लागलं. शेवटी क्लीनर काढून गाडी घरी आणली.

भांड्यात ऑइल कुठलं आणि किती घालायचं? वरच्या भागातली तारांची जाळी डांबरासारख्या गाळाने गच्च झालीय, ती कशी साफ करू? की क्लीनरच बाद झालाय?

उत्तर

बाद मुळीच नाही, पत्रा सडला नसेल तर तो तुमच्या नातवंडांनाही पुरेल. ऑइल जास्त झालंय, एवढंच. आतून भांडं घासून पाहा, कडेने उठावाची रेघ किंवा बाण दिसेल. ऑइल तिथपर्यंतच, एक चमचाही वर नको. हवा वरून खाली येते आणि तेलाला लागून झटकन वळते. धूळ जड, तिला ते वळण घेता येत नाही, ती तेलात पडते. उरलेली ओल्या जाळीत अडकते. पातळी वाढली की हवा तेलच उचलून नेते. तुमचा निळा धूर तोच.

ऑइल इंजिनात घालता तेच घाला. जाळी रात्रभर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवा, पेट्रोल वापरू नका. मग उलट्या बाजूने हवा मारा आणि पूर्ण निथळू द्या. जाळून साफ करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तारा जातात. तुमच्याकडच्या धुळीत उन्हाळ्यात भांडं दर आठवड्याला उघडून पाहा, तळाशी बोटाच्या पेराएवढा चिखल व्हायच्या आत तेल बदला.

तो बारका पाइप मात्र आधी जोडा. क्रँककेसला (इंजिनाच्या खालच्या पोकळ भागाला) गाळलेली हवा तिथूनच मिळते. चिंधी आजच काढा, तिचे धागे आत जातील.

सगळं जोडून झालं की इंजिन चालू ठेवून क्लीनरच्या तोंडावर तळहात दाबा. इंजिन बंद पडायला हवं. पडलं नाही तर हवा दुसरीकडून शिरतेय.

धागाकर्ता

मनापासून आभार. रेघ सापडली, मी तिच्या दोन बोटं वर भरलं होतं! पाइप जोडला, जाळी धुऊन निथळवली. पण तळहात दाबला तरी इंजिन चालूच राहतं. क्लीनर ते कार्बोरेटरचा रबरी होज वाकवला की खालच्या बाजूला केसासारख्या चिरा उघडतात. क्लिपा आवळून पाहिल्या, फरक नाही. ट्यूबचा तुकडा गुंडाळून भागवायचं नाही. सीजे-३बीचा चांगला होज पुण्यात किंवा साताऱ्यात कुठे मिळेल? तोवर गाडी शेडमध्येच ठेवली आहे.