आग्र्याच्या गोष्टीत 'कावा' चालेल का?

पानोपानी
मुलांसाठीच्या काही हिंदी गोष्टी मराठीत आणते आहे. सावित्री, लाक्षागृह, आग्रा, हिरकणी अशा पुराणातल्या आणि इतिहासातल्या एकत्र आहेत. विभागाचं मूळ नाव 'साहस और सूझबूझ'. 'साहस' तसंच ठेवलं, पण 'सूझबूझ'पाशी अडले. आग्र्याच्या गोष्टीत मी 'महाराजांनी कावा रचला' असं लिहिलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी तिथे 'युक्ती' केलं आणि समासात लिहिलं, 'कावा शत्रू करतो, महाराज करत नाहीत.' मला हे पटलेलं नाही. गनिमी कावा आपण अभिमानाने म्हणतोच की. शिवाय 'युक्ती' आग्र्याला तोकडा पडतो. सशाने सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावली, ती युक्ती. तुम्ही काय वापराल?

मूळाक्षर
बाईंचा आक्षेप निराधार नाही. 'त्याचा कावा मी ओळखला', 'त्यांच्या काव्याला बळी पडू नका' या वाक्यांत कावा करणारा नेहमी समोरचाच असतो. 'कावेबाज' तर उघड निंदा आहे. आपल्या माणसाला मानाने लावलेला कावा एकच, गनिमी.

पण मुळात या शब्दात कपट नाही. कावा फारसीतून आला, अर्थ घोड्याला रिंगणात फिरवणं. हिंदीत 'कावा काटना' म्हणतात ते हेच. समोरून न भिडता वळसा घालून यायचं, हूल द्यायची आणि निसटायचं. घोडदळातला हा शब्द पुढे डावपेचाला लागला आणि घोडा मागे पडल्यावर उरलं ते फक्त फसवणं, असं मला वाटतं. मी 'कावा' ठेवला असता.

गडवाट
मूळाक्षर, कावा राहू द्या, 'गनिमी'चं काय? गनीम म्हणजे शत्रू. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत. म्हणजे 'गनिमी कावा' हे नाव पलीकडच्या छावणीतून आलेलं आहे, आणि आपण ते पाठ्यपुस्तकात घातलं. उंबरखिंडीत १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज जंगलात कोंडली गेली, पुढची आणि मागची वाट बंद, पाण्यालाही जागा नाही. त्याला शत्रू हवं ते म्हणो, आपण आपलं नाव का देऊ नये?

मूळाक्षर
आपणच वापरलंय ते, आणि लाज न बाळगता. पानिपताच्या आधी मराठ्यांच्या छावणीत वाद झाला तो हाच, गोलाची लढाई करायची की गनिमी. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना आणि कवायती पायदळ घेऊन गोल बांधून लढायचं, की मल्हारराव होळकरांच्या मताप्रमाणे जुन्या पद्धतीने. तिथे 'गनिमी' म्हणजे 'आपली पद्धत'. १७६१ पर्यंत त्या शब्दातला शत्रू निघून गेला होता.

शुद्धलेखणी
माझं मत वेगळं आहे आणि ते मी ठामपणे मांडते. ज्या राजाची गोष्ट सांगता, त्याने स्वतः राज्यव्यवहारकोश करवून घेतला. राज्याभिषेकाच्या वेळी पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. फारसी शब्दांच्या जागी आपले शब्द आणण्याचा विचार त्या काळात झाला. आणि आज त्याच राजाच्या गोष्टीत आपण 'कावा' आणि 'हिकमत' (कोणीतरी सुचवणारच!) घालायचं? 'प्रसंगावधान' हा नेमका, सुंदर शब्द आपल्याकडे आहे. 'साहस आणि प्रसंगावधान'. झालं.

गडवाट
लेखणीताई, आग्र्याला प्रसंगावधान म्हणता येणार नाही. प्रसंगावधान म्हणजे संकट दारात आल्यावर क्षणात सुचणं. १२ मे १६६६ ला दरबारात अपमान झाला आणि १७ ऑगस्टला महाराज निसटले. मधले तीन महिने काय चाललं होतं ते बघा. आधी बरोबरच्या लोकांना परत पाठवण्याची परवानगी मागितली. मग आजारपण. मग ब्राह्मणांना आणि फकिरांना मिठाईचे पेटारे. पहारेकरी सुरुवातीला पेटारे उघडून बघत, नंतर कंटाळले. त्यांना कंटाळा यायची वाट पाहणं हाच त्या बेताचा गाभा. शेवटी हिरोजी फर्जंद पांघरुणाबाहेर हात काढून बिछान्यावर. पेटाऱ्यात बसून गेले की वेष पालटून, यावर इतिहासकार भांडतात, पण हे सगळं ठरवून झालं यावर कोणी भांडत नाही. हा बेत आहे, मसलत आहे. प्रसंगावधान नव्हे.

पानोपानी
'मसलत' चांगला आहे! पण दहा वर्षांच्या मुलाला कळेल?

माजघर
माझी आजी सातारा भागातली. ती 'हिकमती' म्हणायची, तेही पूर्ण कौतुकाने. 'बाई मोठी हिकमती, दुष्काळात चार पोरं जगवली.' तिच्या तोंडात हिकमतीत बुद्धी, कष्ट आणि चिकाटी तिन्ही असायचं. लेखणीताई, हा शब्द अरबीतून आला हे तिला सांगितलं असतं तरी तिने सोडला नसता, आणि मीही सोडणार नाही. अरबीत हिकमत म्हणजे शहाणपण. यात वाईट काय आहे?

पण मला खरी अडचण तुमच्या शीर्षकातल्या पहिल्या शब्दाची वाटते. 'साहस' तपासलात का? 'भलतं साहस करू नकोस' हे आपण अजून म्हणतो. तिथे साहस म्हणजे अविचार.

मूळाक्षर
माजघर, अगदी. जुन्या धर्मशास्त्रात आणि अर्थशास्त्रात साहस हा गुन्हा आहे. बळजबरीने, उघडपणे केलेली लूट किंवा हिंसा म्हणजे साहस. दंडाच्या पायऱ्यांनाही प्रथम, मध्यम आणि उत्तम साहस अशी नावं. दुसरीकडे 'उद्यमः साहसं धैर्यं' या सुभाषितात तोच शब्द देवाची मदत मिळवून देणाऱ्या सहा गुणांत बसतो.

शुद्धलेखणी
म्हणून 'धाडस' घ्या. निखळ मराठी.

गडवाट
'भरदिवसा धाडसी दरोडा' हा मथळा वाचला नाहीत कधी? धाडसाचीही तीच कथा. शौर्य, धैर्य, पराक्रम हे शब्द चोराला कोणी लावत नाही. साहस, धाडस, कावा, डाव, शक्कल हे दोन्ही बाजूंना लागतात. माझ्या मते ते तसेच असायला हवेत. अफझलखान भेटीला आला तो डाव घेऊनच, आणि महाराज अंगरख्याखाली चिलखत घालून गेले तेही डाव ओळखूनच. दोघांसाठी दोन वेगळे शब्द केले तर मुलाला लढाई कळणारच नाही.

माजघर
हे मला पटतं. पुराणातही तसंच आहे. कालयवन मागे लागला तेव्हा श्रीकृष्ण रणातून पळाला, त्याला मुचुकुंदाच्या गुहेत घेऊन गेला आणि झोपमोड झालेल्या मुचुकुंदाच्या नजरेने कालयवन भस्म झाला. रण सोडून पळणारा ही केवढी नालस्ती! पण डाकोरला लोक त्याच नावाच्या देवासमोर हात जोडतात, रणछोडराय. गनीम आणि रणछोड हे शब्द मला एकाच जातीचे वाटतात.

शुद्धलेखणी
भक्तीतला शब्द आणि भाषांतरातला शब्द यांची गल्लत नको. मुलांच्या पुस्तकातले शब्द पुढे त्यांच्या तोंडी बसतात, म्हणून मी एवढं बोलते आहे. 'महाराजांनी कावा केला' हे वाचलेलं मूल उद्या 'महाराज कावेबाज होते' असं लिहील. तेव्हा त्याला घोड्याच्या रिंगणाची व्युत्पत्ती कोण सांगणार?

मूळाक्षर
तुम्ही सांगा, मी सांगेन. पुस्तकाच्या तळटिपेत दोन ओळी पुरतील.

काठावरून
बराच वेळ वाचतोय. एक विचारतो. 'आग्र्याहून सुटका' हे बरोबर आहे का? सुटका दुसरा कोणी करतो. तुरुंगातून सुटका होते, केली जाते. इथे तर महाराज स्वतः निसटले. 'पलायन' म्हटलं की लोक चिडतात, कारण पळून जाणं कमीपणाचं. पण मग शाळेत शिकवलेली 'सुटका' ही औरंगजेबाने सोडल्यासारखी नाही का वाटत?

गडवाट
'सुटका करून घेतली' हा पूर्ण प्रयोग आहे, त्याचं शीर्षक होताना 'करून घेतली' गळलं. मला खटकत नाही.

माजघर
मला खटकतं, आता तुम्ही दाखवल्यावर. 'निसटणे' छान आहे. त्यात हातातून सुळकन जाणं आहे.

पानोपानी
सुटकेचं नंतर बघू, पण शीर्षक अजून रिकामं आहे. सावित्रीचाही विचार करा. यमाने सत्यवानाचे प्राण सोडून हवं ते माग म्हटलं. तिने सासऱ्यांची दृष्टी मागितली, राज्य मागितलं आणि मग स्वतःला पुत्र मागितले. यम 'तथास्तु' म्हणाला आणि अडकला. हा कावा नाही, मसलतही नाही. सगळ्या गोष्टींना पुरेल असा एक शब्द हवा आहे मला.

मूळाक्षर
तिने यमाला शब्दांत पकडलं. त्याला 'चातुर्य' चालेल. हिरकणीला मात्र चालणार नाही. रायगडाचे दरवाजे मिटलेले, बाळ घरी, आणि ती अंधारात कडा उतरली. तिथे चातुर्य कुठे आहे? नुसती छाती आहे. आज एसटीच्या बसला तिचं नाव आहे आणि स्थानकातल्या स्तनपानाच्या खोलीलाही. त्या खोलीचं नाव ठेवणाऱ्याला गोष्ट नीट कळली होती.

काठावरून
कडा निघालाच आहे तर, सिंहगडावर सूर्याजीने दोर कापले, त्यावरून 'परतीचे दोर कापणे' आलं. आमच्या घरी तो वाक्प्रचार कायम स्वतःबद्दल वापरतात, नोकरी सोडून धंद्यात उतरला, दोर कापून टाकले, असं. पण सूर्याजीने दोर कापले ते पळू पाहणाऱ्या मावळ्यांचे. म्हणजे आपण दुसऱ्याचा मार्ग बंद केला तरच तो प्रयोग बरोबर ना?

गडवाट
नाही. सूर्याजी स्वतःही त्याच गडावर होता. त्याचाही दोर तोच.

शुद्धलेखणी
काठावरून यांचं बरोबर आहे. तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरले म्हणूनच दोर कापावे लागले. सूर्याजी स्वतः परतायला निघाला नव्हता. स्वतःबद्दल बोलताना 'माघार नाही' म्हणावं.

माजघर
लेखणीताई, 'माघार नाही'मध्ये दोर कुठे आहे? खाली कडा आणि हातात काही नाही, हे त्या तीन शब्दांतच दिसतं. ते मी कोणालाही काढू देणार नाही.