बेसनाची लाइन सारखी बसते: ८० एनबी काढून १०० एनबी टाकू का?

डाळमिल_लातूर
नमस्कार मंडळी. लातूर एमआयडीसीत आमची हरभरा डाळ आणि बेसनाची छोटी मिल आहे. पल्व्हरायझरखालून (दळणयंत्राखालून) पॅकिंगच्या हॉपरपर्यंत बेसन हवेने नेतो, ताशी २ टन. एअरलॉकनंतर (माल लाइनमध्ये सोडणारा फिरता व्हॉल्व्ह) लगेच ८ मीटर उभी लाइन, मग पत्र्याखालून ४० मीटर आडवी. बेंड ५. पाइप एसएस ३०४, ८० एनबी (पाइपचं नाममात्र माप, मिमीत). रूट्स ब्लोअर (प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा ढकलणारा), पाटीवर ४५० घनमीटर/तास, मोटर १० एचपी.

उन्हाळा कसाबसा निभतो. पावसाळा लागला की लाइन बसायला (तुंबायला) सुरुवात. बसते ती बहुतेक उभ्या पाइपच्या पायथ्याशी. हातोडीने ठोकलं की तेवढाच भाग बद्द वाजतो. फ्लँज (पाइपचा बोल्टचा जोड) उघडावा तर आत वडी थापल्यासारखं बेसन. फॅब्रिकेटर म्हणतो, "पाइप बारीक पडतोय, १०० एनबी टाका, ब्लोअर आहे तोच चालेल." कोटेशनही देऊन गेलाय. टाकू का?

हवाबाज_पुणे
कोटेशन बाजूला ठेवा. ब्लोअर तोच ठेवून पाइप मोठा केलात तर आज आठवड्यातून बसणारी लाइन रोज बसेल. पाण्याच्या पाइपला जो हिशोब चालतो तो इथे लावू नका. इथे माल हवेच्या वेगावर तरंगत जातो. वेग एका मर्यादेखाली गेला की माल पाइपच्या तळाशी बसायला लागतो.

आधी तीन गोष्टी सांगा. पाइप कोणत्या शेड्यूलचा (भिंतीची जाडी किती)? चालू असताना ब्लोअरचा गेज किती दाखवतो? एअरलॉक किती जुना?

स्टार्च_सांगली
मी थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडे ८० चा १०० केला आणि प्रश्न सुटला. त्यामुळे मोठा पाइप म्हणजे चूकच असं नाही.

हवाबाज_पुणे
@स्टार्च_सांगली, ब्लोअर तोच होता का?

स्टार्च_सांगली
नाही, ब्लोअरही मोठा घेतला होता. जुना सतत रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब बाहेर सोडणारा) उडवायचा.

हवाबाज_पुणे
मग बरोबर. तुमची लाइन प्रेशरला अडत होती, वेगाला नाही. गेज दिवसभर वरच्या टोकाला आणि रिलीफ सारखा उडतोय, तर पाइप लहान आहे (किंवा बेंड फार आहेत) असं समजावं. गेज एरवी शांत आणि बसायच्या आधी काटा नाचायला लागतो, तर हवा कमी पडतेय. एकाला दिलेलं औषध दुसऱ्याला चालत नाही.

डाळमिल_लातूर
पाइप शेड्यूल १०. गेज एरवी ०.३५ ते ०.४ बार. बसायच्या आधी काटा हलतो, मग एकदम ०.५ आणि रिलीफ उडतो. एअरलॉक मिल सुरू झाली तेव्हाचा, रोटर कधी बदलला नाही.

हवाबाज_पुणे
आता चित्र स्पष्ट झालं. आकडे मांडतो, कॅल्क्युलेटर घेऊन सोबत करा.

८० एनबीचा बाहेरचा व्यास ८८.९ मिमी. शेड्यूल ४० ला आतला व्यास ७७.९ येतो, शेड्यूल १० ला ८२.८. पाच मिमीने काय होतं असं वाटेल, पण क्षेत्रफळ १३ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे वेग तेवढाच खाली. "८० एनबी" एवढ्यावर हिशोब कधी करू नये, आतला व्यास मोजावा.

ब्लोअरच्या ४५० पैकी एअरलॉकमधून १५ टक्के तरी वर निसटते असं धरा. जुन्या रोटरला हे कमीच धरलंय. लाइनमध्ये जाते ३८० च्या आसपास. पण ही बाहेरची, मोकळी हवा. एअरलॉकखाली ती ०.४ बारने दाबलेली असते. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, तिथे हवेचा दाब साधारण ०.९४ बार. १.३४ भागिले ०.९४ म्हणजे १.४२. ३८० ला १.४२ ने भागा, उरले २६८ घनमीटर/तास. ८२.८ च्या पाइपमध्ये त्याचा वेग येतो जेमतेम १४ मीटर/सेकंद. (ब्लोअरची हवा गरम असते, तिने थोडा वाढेल, पण त्या भरवशावर राहू नका.)

बारीक पावडरीला पुस्तकात यापेक्षाही कमी वेग चालल्याचं दिसेल. बेसन तेलकट, त्यात पावसाळ्यात ओल धरतं. मी बेसनाला १७ च्या खाली उतरत नाही.

१०० एनबी शेड्यूल १० चा आतला व्यास १०८.२. त्यात तीच हवा ८ ने जाईल. पाइप मोठा झाल्यावर प्रेशर उतरेल म्हणून फार तर साडेनऊ धरा. तुम्हीच ठरवा.

डाळमिल_लातूर
बाप रे. पण मग पायथ्याशीच का बसते? हॉपरकडे कधी नाही.

हवाबाज_पुणे
दाबाच्या लाइनमध्ये वेग सगळ्यात कमी असतो तो माल पडतो तिथे. पुढे दाब उतरत जातो, हवा फुगते, वेग वाढत जातो. तुमच्याकडे हॉपरपाशी तो २० च्या आसपास असणार. म्हणून पाइप नेहमी सुरुवातीच्या वेगावर ठरवायचा, सरासरीवर नाही. त्यात एअरलॉकपासून मीटरभरात तुमचा बेंड. मालाने अजून वेग धरलेला नसतो, तोच भिंतीवर आपटून थांबतो आणि तिथून उभा चढायचा. व्यासाच्या २०-२५ पट सरळ पाइप आधी हवा, तुमच्याकडे दोन मीटर तरी.

फॅब्रिकेशन_चाकण
बेंड बाजारातले शॉर्ट रेडियस वेल्डिंगचे असतील तर ते आधी काढा. पाइप वाकवून घ्या, त्रिज्या व्यासाच्या सहा ते आठ पट. आणि जागा वाचते म्हणून ४५ अंशात तिरका पाइप कुणी सुचवला तर ऐकू नका, तिरक्या लाइनमध्ये माल मागे घसरतो. एक उभा, एक आडवा, बस. फ्लँजचे गॅस्केट आत डोकावत असतील तर तेही कापून साफ करा, बेसन तिथेच धरायला लागतं.

सेफ्टी_नाशिक
विषय पाइपच्या मापाचा आहे, तरी सांगतो: बेसनाची धूळ पेट घेते. गॅस्केटमुळे पाइपचे तुकडे विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून तुटतात आणि स्थिर विजेची ठिणगी पडू शकते, म्हणून प्रत्येक फ्लँजवर तांब्याची जंपर पट्टी आणि लाइनला अर्थिंग. पाइप उघडला की जंपर परत लावतात का, ते स्वतः बघा. आमच्याकडे तो नेहमी टूलबॉक्समध्येच सापडतो.

डाळमिल_लातूर
सगळ्यांचे आभार. मग नेमकं करू काय? नवीन ब्लोअरचं बजेट नाही.

हवाबाज_पुणे
आधी एअरलॉक. रोटरची पाती आणि बॉडी यातली फट फीलर गेजने मोजा, झिजला असेल तर बदला. नुसत्या त्यानेही फरक दिसेल. मग पायथ्याचा बेंड दोन मीटर पुढे आणि लांब त्रिज्येचा.

एवढ्यावर पावसाळा निघाला नाही तर हवा वाढवा. १७ चा वेग हवा तर गळतीसकट साधारण ५४० घनमीटर लागेल, म्हणजे आरपीएम २० टक्के वर. पुली बदलून होतं, पण ब्लोअरच्या कॅटलॉगमधली कमाल आरपीएम बघितल्याशिवाय पुलीला हात लावू नका. १० एचपी मोटर तिथे पुरणार नाही, १५ ची लागेल. तरी हे सगळं मिळून १०० एनबीच्या कोटेशनपेक्षा स्वस्तात बसावं.

आणि बंद करताना माल थांबवून पाच मिनिटं नुसती हवा चालू द्या. रात्री गार पाइपमध्ये गरम दमट हवा आणि उरलेलं बेसन एकत्र राहिलं की सकाळी थर तयार असतो.

डाळमिल_लातूर
व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) आहे आमच्याकडे. पुली न बदलता ५० च्या ६० हर्ट्झ केलं तर?

हवाबाज_पुणे
या ब्लोअरला दाब तोच असेल तर टॉर्क तेवढाच लागतो, आणि ५० च्या वर मोटरचा टॉर्क उतरतो. तुमची १० ची मोटर अँपिअरवर ट्रिप होईल. १५ ची बसवल्यावर करून बघा, तोवर ५० वरच ठेवा. एअरलॉक उघडलात की फटीचं माप इथे टाका.