मदत हवी आहे: फोरमन-मूरर बॉक्सिंग लढतीत मुलांना काय दाखवू?

मंडळी, रविवारी नव्या मुलांना टीव्हीवर 5 नोव्हेंबर 1994 ची लास व्हेगासची लढत दाखवायची आहे. फोरमन 45 वर्षांचा, तेव्हाचा जगज्जेता मूरर 26 चा आणि डावखुरा. डावखुऱ्याने पुढचा उजवा पाय समोरच्याच्या डाव्या पायाबाहेर ठेवायचा, स्वतःच्या उजवीकडे सरकायचं. नाहीतर समोरच्याचा उजवा ठोसा थेट हनुवटीवर. एवढं आधी सांगेनच. मूररचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) छान लागत होता, नऊ फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांकडे तोच पुढे. तरी दहाव्या फेरीत आडवा! (म्हातारा गुण मोजतच नव्हता म्हणा.)

मूररच्या पायांची चूक कोणत्या फेरीत स्वच्छ दिसते? आणि फोरमनचा डावा हात नुसता अंतर मोजायला, की मूररला उजव्याच्या वाटेवर आणायला?