उरलेल्या रोस्ट चिकनचा रस्सा: तुमची पद्धत सांगा

रोस्ट चिकन उरलं की रस्सा करायचं सगळ्यांनाच सुचतं. पण बऱ्याचदा चिकनचा चोथा होतो आणि रस्सा पाणचट लागतो. तुम्ही हे कसं टाळता? प्रमाण लिहा, कारणही लिहा.

* * *

मुळात चिकन शिजलेलंच आहे, ते फक्त गरम करायचंय. त्यामुळे रस्सा आधी पूर्ण तयार हवा. हाडावेगळं केलेलं ३०० ग्रॅम चिकन असेल तर: २ मध्यम कांदे बारीक चिरून ३ टेबलस्पून तेलात चांगले तांबूस होईपर्यंत परतायचे, १२ ते १५ मिनिटं लागतात, घाई नको. मग १ टेबलस्पून आलं-लसूण पेस्ट, अर्धा चमचा हळद, दीड चमचा तिखट, २ चमचे धणेपूड, २ टोमॅटो. कडेने तेल सुटेपर्यंत परतायचं. दीड वाटी गरम पाणी किंवा स्टॉक (हाडं उकळून काढलेलं पाणी) घालून १० मिनिटं उकळायचं आणि चव बघायची. इथे रस्सा कच्चट लागला तर पुढे सुधारायला संधी नाही. मगच चिकन घालायचं, मंद आचेवर ५ मिनिटं, अर्धा चमचा गरम मसाला, गॅस बंद, झाकण ठेवून १० मिनिटं मुरू द्यायचं.

चिकन घालून खळखळ उकळलं की तंतू आणखी आवळतात, उरलासुरला रस बाहेर जातो. छातीचे तुकडे तर लगेच कोरडे पडतात. मांडीचं मांस बरंच सोसतं, म्हणून ते आधी घालते आणि छातीचं थोडं नंतर. तुकडे मोठे ठेवा, दीड-दोन इंचांचे. बोटांनी रेषा काढलेलं चिकन रश्श्यात विरून जातं.

* * *

पाणचटपणावर उपाय सांगाड्यातच आहे. कच्चं चिकन शिजताना रश्श्याला जी चव देतं, ती इथे हाडांतून काढावी लागते. सांगाडा मोडून कुकरमध्ये ३ ते ४ वाट्या पाण्यात, शिटी झाल्यावर बारीक आचेवर ३०-४० मिनिटं. गाळणीनेच गाळा, बरगड्यांची बारीक हाडं हमखास उरतात. रोस्ट करताना पोटात लिंबू भरलं असेल तर ते आधी काढून टाका, सालीमुळे स्टॉक कडू होतो.

ट्रेमध्ये गार होऊन थिजलेला रस कृपया टाकू नका! वरची चरबी खरवडून त्यात कांदा परता, खालची जेली स्टॉकमध्ये. रश्श्याला अंगचा दाटपणा येतो.

* * *

मीठ सगळ्यात शेवटी. रोस्टला आधीच मीठ असतं, ट्रेमधल्या रसात तर जास्तच.

* * *

कातडी रश्श्यात घालू नये, लिबलिबीत होते. कोरड्या तव्यावर मंद आचेवर चरबी सुटेपर्यंत ठेवा. कुरकुरीत झालेली वरून चुरता येते.

* * *

दह्याचा रस्सा असेल तर: पाऊण वाटी दही फ्रिजबाहेर काढून ठेवा, १ चमचा बेसन घालून फेटा, आच अगदी कमी करून थोडं थोडं घाला, सतत ढवळा. बेसनातल्या स्टार्चमुळे दही फुटत नाही. घट्ट नारळाचं दूध चिकनच्या जरा आधी घालावं आणि मोठी उकळी येऊ देऊ नये.

रोस्टला रोझमेरी किंवा थाइमसारखी सुवासिक पानं लावली असतील तर मात्र मी दही-नारळ टाळते, त्यात तो वास वर येतो. टोमॅटो आणि थोडे जास्त धणे असलेला रस्सा त्याला जमवून घेतो.

* * *

बटाटा घालणाऱ्यांनी तो रश्श्यात आधी पूर्ण शिजवावा. चिकनबरोबर घातला तर तो शिजेपर्यंत चिकनची वाट लागते.

* * *

रोस्ट केलेलं चिकन २ तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेलं हवं, आणि ३-४ दिवसांत संपवायला हवं. हवेशी संबंध आला की चरबीला शिळा वास लागतो, म्हणून डब्याचं झाकण घट्ट हवं. वर मंद आच म्हटलंय, तरी चिकन आतपर्यंत वाफाळतं गरम व्हायला हवं, थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस. त्यासाठी फ्रिजमधलं थंडगार चिकन घातल्यावर रस्सा पुन्हा हलका बुडबुडायला लागला की तिथून ५ मिनिटं मोजा. आणि सगळं चिकन एकदम घालू नका: त्या जेवणाला लागेल तेवढंच घाला, बाकीचा रस्सा चिकनशिवाय फ्रीझ करा.