मदत हवी आहे: कूलंट कमी होतंय, गळती मात्र दिसत नाही

गाडी पेट्रोल, 2012 ची. शहरात तापमानाचा काटा निम्म्यावर स्थिर असतो. खंबाटकी घाट चढायला घेतला आणि एसी चालू असला की वर सरकतो. एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला की हळूहळू उतरतो (मे महिन्यात हा उपाय म्हणजे शिक्षाच). बाटलीतलं कूलंट 'मिन'च्या खाली जातं, पण पार्किंगच्या फरशीवर थेंबही नाही.

रेडिएटरचा फॅन फिरतो, थर्मोस्टॅट नवा टाकलाय. पायाखालचं मॅटिंग कोरडं, म्हणजे हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळत नसावा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ काही नाही, म्हणजे ऑइलमध्ये कूलंट मिसळलेलं दिसत नाही. वॉटर पंपाजवळ वाळलेल्या कूलंटचा फिकट हिरवा डाग आहे, त्यामुळे आधी पंपावरच संशय होता. पण रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी सुरू केली की इंजिन तापायच्या आतच रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) कडक होतो. पंप गळत असेल तर असं का व्हावं? सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय का?

फिटर म्हणतो, थेट हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवू. मला ते घाईचं वाटतं. आधी थंड इंजिनवर प्रेशर टेस्ट आणि निळ्या द्रवाची टेस्ट (गॅस असला की द्रव पिवळा पडतो) करावी, असं माझं मत.

पुण्यात ही टेस्ट कोण करतं? आणि हेडखालची गॅस्केट (सील) गेलेली असूनही ऑइल स्वच्छ राहिलं, असं कुणाच्या गाडीत झालंय का? तोवर घाटात नेऊ की नको?